रीलवाला २५ हजार मागतो: दर किती द्यायचा आणि कागदावर काय घ्यायचं?

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालिका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी सभासदांची हळद दळून पाकिटं विकते. वऱ्हाडी बोलीत विनोदी रील करणाऱ्या एका पोराला जाहिरात द्यायची आहे. त्याचे १ लाख ८० हजार फॉलोअर आहेत. एका रीलचे तो २५,००० मागतो, कंपनीकडे २०,००० आहेत. घासाघीस कशी करायची आणि करारात काय लिहून घ्यायचं?

ताई, पाच हजार कमी करण्यात जोर घालू नका. रीलवाल्याने दर खाली आणला की तो मेहनतही तेवढीच खाली आणतो. घाईत एक क्लिप काढतो, तुमचं पाकीट हातात धरतो, मोकळा होतो. त्या पैशांत काय काय मिळणार ते वाढवून घ्या. दुसरं, फॉलोअरचा आकडा बाजूला ठेवा. फॉलोअर तीन वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या रीलवरही वाढलेले असतात.

त्याच्या शेवटच्या १२ रीलचे व्ह्यूज कागदावर लिहून काढा. तीन दिवसांच्या आतली रील धरू नका, ती अजून चालत असते. समजा आकडे हजारांत असे निघाले: १८, २२, २५, २७, ३१, ३४, ३६, ४१, ४८, ६०, ९५ आणि एक ४२०. सरासरी काढली तर ७१ हजारांच्या वर जाते, आणि तो किंवा त्याचा मॅनेजर हाच आकडा सांगेल. पण चढत्या क्रमाने लावल्यावर मधले दोन आकडे ३४ आणि ३६ आहेत, म्हणजे मधला आकडा ३५ हजार. तुमची रील साधारण तिथंच जाईल असं धरून चाला. २५,००० रुपयांना ३५ हजार व्ह्यूज म्हणजे हजार व्ह्यूजमागे सुमारे ७१४ रुपये. सरासरीने पाहिलं तर तेच ३५० दिसतात. बोलणी करताना हा फरक त्याला शांतपणे दाखवा. शक्य झालं तर त्याने केलेल्या जुन्या जाहिरातींच्या रीलचे व्ह्यूज वेगळे काढा, कारण जाहिरातीची रील बहुधा त्याच्या नेहमीच्या रीलपेक्षा कमी चालते.

आता हे पैसे निघतात का ते पाहा. पाव किलोचं पाकीट १५० ला विकता, माल आणि दळाई ७५, पाऊच-लेबल १०, कुरिअरचा भार ३५ धरला तर हातात ३० उरतात. २५,००० वसूल व्हायला ८३४ पाकिटं जायला हवीत, तीही ३५ हजार लोकांतून. एवढं होत नाही. एक किलोचा डबा ६०० ला काढला आणि त्यात २०० सुटत असतील, तर १२५ ऑर्डरींत पैसे वसूल. म्हणून रीलमध्ये पाव किलोचं पाकीट दाखवायचंच नाही, किलोचाच डबा पुढे करायचा. हा निर्णय दर ठरवण्याच्या आधीचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो घेतलाच जात नाही.

त्याचा प्रेक्षक कुठला आहे, तेही विचारा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये शहरांची, वयाची आणि स्त्री-पुरुषांची टक्केवारी दिसते. स्क्रीनशॉट मागू नका, तो बनवता येतो. त्याने स्वतःचं खातं उघडून खाली सरकवत केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. हिंगणघाट-वरोऱ्याकडच्या खेड्यातला बघणारा हसेल, रील पुढे पाठवेल, पण त्याच्या घरची नाही तर मामाच्या वावरातली हळद त्याच्याकडे असतेच. विकत घेणारा गिऱ्हाईक म्हणजे नागपूर, पुणे, मुंबईत नोकरीला गेलेला वऱ्हाडी माणूस आणि त्याची बायको. पुण्या-मुंबईचा वाटा दिसत नसेल तर २५ हजार सोडा, १० हजारही जास्त. कमेंटही वाचा. 'भाऊ एक नंबर' आणि आगीची चित्रं त्याच दहा-पंधरा नावांवरून दर रीलखाली येत असतील तर ती मित्रमंडळी आहेत. 'कुठं भेटते हे?' असं विचारणारे किती, ते मोजा. आणि त्याच्या जुन्या पोस्टींमध्ये पैसे लावून खेळायच्या गेमिंग ॲपची जाहिरात आहे का ते बघा. पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केली आहे. अशी पोस्ट अजून पानावर असेल तर आधी ती काढायला सांगा, मग बोलणी.

पैशांची रचना मी अशी सुचवेन: १४,००० ठरीव, आणि रीलमधून आलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे ४० रुपये, जास्तीत जास्त ६,००० पर्यंत. म्हणजे १५० ऑर्डरी आल्या तर तो २०,००० ला पोचतो, आणि तुमचे पैसे तोपर्यंत निघालेले असतात. बोनस व्ह्यूजवर बांधू नका, व्ह्यूज विकत मिळतात. ऑर्डरी मोजायला स्वतंत्र व्हॉट्सॲप नंबर घ्या, जो फक्त याच रीलमध्ये दिसेल, आणि दर रविवारी त्याला हिशेब पाठवा. हिशेब न पाठवणाऱ्या कंपनीचं काम पुढच्या वेळी कोणी बोनसवर करत नाही, आणि ते बरोबरच आहे. हे त्याला फोनवर सांगताना आपल्याच बोलीत सांगा: 'भाऊ, तुमचा रेट मी नाही पाडत. चौदा पक्के घ्या, अन् ऑर्डर आल्या का वरचे सहा तुमचेच.' तो म्हणाला, 'ऑर्डर नाही आल्या तं?' तर त्याचंही म्हणणं खोटं नाही. तिथं १६,००० ठरीव आणि ४,००० बोनस इथपर्यंत सरका, पण बदल्यात दोन स्टोऱ्या आणि व्हिडिओ वापरायची परवानगी मागा. फुकट सूट मागितली की समोरचा आखडतो. देवाणघेवाण केली की बोलणं पुढे जातं. फोन ठेवला की त्याच संध्याकाळी ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि 'मान्य' असं उत्तर घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रीतीने झालेला करारही करारच असतो. तरी सह्यांचा दोन पानांचा कागद करा, मराठीतच. स्टॅम्प पेपर घ्यायचा तर १०० चा मागू नका. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान ५०० चा लागतो.

कागदावर पहिली गोष्ट: काम काय. 'एक रील आणि प्रमोशन' असं लिहिलं की भांडण ठरलेलं. असं लिहा: ४५ ते ६० सेकंदांची एक उभी रील, कंपनीचं नाव तोंडून दोनदा, डबा पहिल्या दहा सेकंदांत दिसेल, ऑर्डरीचा व्हॉट्सॲप नंबर पडद्यावर सलग किमान चार सेकंद, कंपनीच्या पानासोबत कोलॅब पोस्ट (म्हणजे एकच रील दोन्ही पानांवर दिसते), त्याच दिवशी एक आणि चौथ्या दिवशी एक स्टोरी, दोन्हींत लिंक स्टिकर, बायोमध्ये लिंक सात दिवस, नंबर असलेली कमेंट वर पिन, पहिले दोन दिवस ऑर्डरीच्या प्रश्नांना उत्तरं. नंबर पडद्यावरच का, तर इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकाही ऑगस्ट २०२३ च्या शेवटापासून चालत नाहीत.

किंमत मात्र व्हिडिओत बोलायला लावू नका. टाकलेल्या रीलचा व्हिडिओ बदलता येत नाही, कॅप्शन बदलता येतं. हळदीचा भाव वाढला तरी लोक वर्षभर 'व्हिडिओत तं सहाशे म्हटलं' म्हणून भांडतील.

संवाद तुम्ही लिहून देऊ नका. त्याची बोली, त्याची थट्टा हेच तर तुम्ही विकत घेताय. तुम्ही फक्त दोन याद्या द्या: बोलायचे चार मुद्दे आणि न बोलायची वाक्यं. दुसरी यादी जास्त महत्त्वाची आहे. हळदीबद्दल बोलताना रीलवाल्याच्या तोंडून सहज निघतं, 'शुगर गायब, गुडघे बरे, कॅन्सरवर रामबाण.' यातलं प्रत्येक वाक्य महागात पडतं. मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांवर इलाज म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २१ उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्याला दोघांनाही धरतं: पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय त्या माणसाला वर्षभर जाहिराती करायला बंदी येऊ शकते. हे त्याला सांगा, म्हणजे तो स्वतःच जपून बोलेल. कुरक्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या घटकाचा) टक्का बोलायचा असेल तर त्याच मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल फाइलीत हवा, आणि अहवालातलाच आकडा.

तुमच्या तालुक्यासाठी आणखी एक. तुमच्याकडच्याच वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. ते नाव आणि चिन्ह वापरायचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनाच आहे. तुमच्या कंपनीची किंवा सभासदांची ती नोंद झाली आहे का, ते बघा. नसेल तर रीलमध्ये 'समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची हळद' एवढंच बोलवा, आणि नोंदणीचा अर्ज लावा.

जाहिरात आहे हे सांगणं सक्तीचं आहे, आणि इथेच रीलवाले सर्वांत जास्त कुरकुर करतात, कारण त्यांना वाटतं 'जाहिरात' लिहिलं की व्ह्यूज पडतात. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत, आणि ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शिका जानेवारी २०२३ ची. परिषदेच्या नियमाप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ही सूचना किमान ३ सेकंद दिसली पाहिजे. १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एक-तृतीयांश वेळ, म्हणजे तुमच्या ६० सेकंदांच्या रीलमध्ये २० सेकंद. त्याहून लांब व्हिडिओत मालाबद्दल बोलणं चालू असेपर्यंत. मराठी रीलवर 'जाहिरात' हा शब्द मराठीतच टाका. कॅप्शनमध्ये तो पहिल्या दोन ओळींत यावा, वीस हॅशटॅगांच्या ढिगात नको. विभागाची मार्गदर्शिका व्हिडिओत ही सूचना दिसावी आणि ऐकूही यावी असं सांगते. इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिपचं बटणही दाबायला लावा. पैसे न देता दोन किलो हळद भेट दिली तरी हे सगळं लागू होतं.

गाण्यांवर लक्ष ठेवा. इन्स्टाग्रामच्या यादीतलं चालतं गाणं घरगुती रीलला चालतं, धंद्याच्या जाहिरातीला त्याची परवानगी धरता येत नाही. नंतर आवाज बंद पडला तर विनोदी रील मुकी होते. त्याचा स्वतःचा आवाज, किंवा मेटाच्या (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) साउंड कलेक्शनमधलं संगीत, एवढंच करारात लिहा.

आता वापराचा हक्क. माझ्या मते या व्यवहारात दरापेक्षा मोठी गोष्ट हीच. रील त्याच्या पानावर आठवडाभर चालते, पण तोच व्हिडिओ तुम्ही वर्षभर व्हॉट्सॲपवर पाठवू शकता, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलवर लावू शकता, पैसे घालून पुण्याच्या लोकांना दाखवू शकता. परवानगी न घेता केलं तर मात्र तो आक्षेप घेऊ शकतो. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हे हक्क लेखीच मिळतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून वेगळं वेगळं लिहा: कंपनीच्या स्वतःच्या पानांवर आणि व्हॉट्सॲपवर १२ महिने, स्टॉलवरच्या टीव्हीवर १२ महिने, पैसे देऊन चालवायच्या जाहिरातीसाठी ६० दिवस, पाकिटावर किंवा बॅनरवर त्याचा फोटो नाही. पैसे घालून रील चालवायला त्याच्या खात्यातून पार्टनरशिप जाहिरातीची मंजुरी लागते, ती तो देईल असंही लिहा. यासाठी तो जास्तीचे २-३ हजार मागेल. द्या. ठरीव रकमेत बसत नसतील तर बोनसची कमाल तेवढी खाली आणा. शूटिंगच्या न कापलेल्या क्लिपाही मागा, वावरातली आणि हळद शिजवतानाची दृश्यं पुढे कामाला येतात.

रील पानावर किती दिवस राहील तेही लिहा: १२ महिने, काढायची नाही, आर्काइव्हही (पानावरून लपवून) करायची नाही. जाहिरातीच्या रील महिनाभरात गुपचूप आर्काइव्ह करायची सवय पुष्कळांना असते, पान स्वच्छ दिसावं म्हणून.

दुसऱ्याच्या हळदीची जाहिरात करू नये ही अट घाला, पण आटोपशीर. 'कोणत्याही खाद्यपदार्थाची नाही' असं लिहिलं तर तो सही करणार नाही, आणि का करावी? 'हळद पावडर आणि मसाले, रील टाकल्यापासून ४५ दिवस' पुरे. करार संपल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, म्हणून ते ४५ दिवस कराराच्या मुदतीतच बसवा. निवडणुकीचा हंगाम असेल तर तुमच्या रीलच्या तीन दिवस आधी आणि तीन दिवस नंतर कोणत्याही उमेदवाराचा प्रचार त्या पानावर नको, हेही घाला. जिल्हा परिषदेच्या धामधुमीत ही पोरं दोन्हीकडच्या रील करतात.

सही कोणाची? आपल्याकडच्या विनोदी पानांवर चार-पाच पोरं मिळून काम करतात. खातं एकाच्या मोबाइलवर, बोलणारा दुसरा, कॅमेरा तिसऱ्याचा. फाटाफूट झाली की रील उडते. म्हणून खातं ज्याच्या ताब्यात आहे आणि जो पडद्यावर मुख्य दिसतो, दोघांच्या सह्या घ्या, बाकीच्यांची एक ओळीची संमती. कोणी १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्याशी केलेला करार कायद्याने टिकत नाही. आईवडिलांशी करार करा. मॅनेजर मधे असेल तर क्रिएटरची स्वतःची सहीही घ्याच, आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले की ते फिटले, ते लिहा.

तपासणीचे नियम साधे ठेवा. तयार रील टाकण्याच्या तीन दिवस आधी तुमच्याकडे यावी, ड्राइव्हच्या लिंकने किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर चित्र फुटतं. तुम्ही ४८ तासांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर मंजूर. चुकीची माहिती, चुकीचा नंबर, मनाई केलेलं वाक्य असेल तर कितीही वेळा दुरुस्ती. 'आवडलं नाही' म्हणून फक्त एकदा. कंपनीकडून उत्तर देणारी व्यक्ती एकच. दहा संचालकांच्या ग्रुपवर रील टाकली की दहा सूचना येतात, त्यातल्या चार एकमेकींच्या उलट.

पैसे तीन टप्प्यांत: मुद्दे ठरून सह्या झाल्या की ५० टक्के, रील लागली की ३०, आणि पंधराव्या दिवशी इनसाइट्सचं रेकॉर्डिंग आलं की २० टक्के आणि बोनस. दुसऱ्या टप्प्याचे पैसे त्याच दिवशी टाका. २० हजारांसाठी वर्धा-हिंगणघाटचं कोर्ट कोणी चढत नाही. हातातला शेवटचा हप्ता हीच खरी पकड, नुकसानभरपाईचे मोठे आकडे लिहून काही होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढंच देतं. उशिराला मात्र साधी अट घाला: ठरलेल्या तारखेपासून चार दिवसांहून जास्त उशीर झाला तर दिवसाला ५०० वजा. लाइट गेली, रेंज नव्हती, यासाठी ते चार दिवस आहेतच. खातं बंद पडलं किंवा हॅक झालं तर दुसऱ्या खात्यावर रील, नाहीतर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत.

कराचं थोडक्यात: दर जीएसटी धरून की वेगळा, ते आधी विचारा. तो नोंदणीकृत असेल तर २०,००० चे २३,६०० होतात. व्यावसायिक फीवर टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या आयकराची) मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० आहे, एका रीलला लागत नाही, पण त्याच माणसाला वर्षात तीन कामं दिली तर लागेल, १० टक्के. फुकट दिलेल्या वस्तूंची किंमत वर्षात २०,००० च्या वर गेली तरी १० टक्के. हळदीने तिथवर पोचणार नाही, मोबाइल भेट दिला तर पोचाल. पॅन आधीच घेऊन ठेवा.

तारखेबद्दल शेवटचं. शूटिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, हळद काढणं, शिजवणं आणि वाळवणं चालू असताना करा. नंतर दाखवायला फक्त डबा उरतो. पण रील तेव्हाच टाकू नका. नवीन पावडर दळून, भरून, किमान ३०० डबे गोदामात आल्याशिवाय रील लागणार नाही आणि तारीख कंपनी पाच दिवस आधी कळवेल, ही अट करारात हवी. ऑर्डरी पहिल्या तीन दिवसांत येतात. त्या दिवसांत फोन उचलायला दोन बाया बसवा, रोज कुरिअर गाडी समुद्रपूरला येते का ते विचारून ठेवा, आणि पिनकोडची चूक झालेल्या पाकिटांसाठी वेगळी वही करा.